म्हाताऱ्या कुत्र्याला घरी एकटं राहायला शिकवताना

“आंटी, आपके जाने के बाद ये बहुत रोती है।”

खालच्या मजल्यावरच्या मुलीनं जिन्यात थांबवून हे सांगितलं तेव्हा मी चक्क हसले. ठमी आणि रडणार? इंदूरात कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते, तिच्यामागे गल्लीतली सगळी कुत्री गळा मोकळा करून घेतात. आमची ठमी मात्र १२ वर्षांत तिच्यावरही कधी धड भुंकली नव्हती. आठवड्याभरात दाराचं आतल्या बाजूचं, कडीच्या खालचं पॉलिश खरवडलेलं दिसलं आणि ठमीच्या पुढच्या पायाचं एक नख मुळाशी तुटलेलं. मग हसणं बंद झालं.

ठमी म्हणजे आमची पांढरी स्पिट्झ. सगळे तिला पॉमेरिअन म्हणतात आणि आम्ही आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. घरात सासूबाई असायच्या, त्यामुळे ती जन्मात कधी एकटी राहिली नव्हती. मार्चमध्ये त्या नणंदेकडे पुण्याला राहायला गेल्या आणि साडेदहा ते सहा घर रिकामं पडायला लागलं. ‘म्हातारी झालीय, दिवसभर झोपूनच तर असते, तिला काय कळतंय’ असं आम्ही दोघंही म्हणालो.

पिल्लाला किंवा तरुण कुत्र्याला एकटं राहायला कसं शिकवायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. म्हाताऱ्या कुत्र्याचं गणित वेगळं असतं, कारण त्याची निम्मी धास्ती शरीरातून आलेली असते. कमी ऐकू येतं, कमी दिसतं, कंबर दुखते, लघवी धरवत नाही आणि अशात घरातलं ओळखीचं माणूस नाहीसं होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कॅमेरा, मग डॉक्टर, मग घर, आणि सगळ्यात शेवटी तालीम. आम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केली आणि दोन महिने घालवले.

आधी नुसतं बघा

जुना मोबाईल टीव्हीच्या टेबलावर उभा करा, दार आणि कुत्र्याची गादी दोन्ही दिसतील असा, आणि रेकॉर्डिंग लावून अर्धा-पाऊण तास बाहेर जा. एवढंच. पहिला अर्धा तास सगळ्यात बोलका असतो. एकटेपणाची धास्ती बहुतेकदा माणूस गेल्या-गेल्या सुरू होते.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये दार बंद झाल्यावर ठमी मिनिटभर तशीच उभी होती. मग सासूबाईंच्या खोलीत गेली, पलंगाची कड हुंगली, परत दाराशी आली. पुन्हा खोली, पुन्हा दार. ४० मिनिटांत १४ फेऱ्या मी मोजल्या. जिभेवरून लाळ गळून पायपुसणं ओलं झालेलं. निघताना ठेवलेला पनीरचा तुकडा, ज्यासाठी ती एरवी फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज नसला तरी वासावर धावत येते, तो तसाच. मी आत आल्यावर दोन मिनिटांनी तिनं तो खाल्ला.

न खाल्लेला तुकडा नीट ध्यानात ठेवा. कंटाळलेलं कुत्रं खातं, घाबरलेलं खात नाही. आणि ‘आपण गेलो म्हणून मुद्दाम सूड घेते’ हे डोक्यातून काढून टाका. दारात शू करणारं, उशी फाडणारं कुत्रं तुमच्यावर राग काढत नसतं, त्याची पाचावर धारण बसलेली असते. घरी येऊन ओरडलात तर उद्यापासून त्याला तुमच्या जाण्याची धास्ती आणि येण्याचीही.

रेकॉर्डिंगमध्ये वेगळंही काही दिसू शकतं. कुत्रं तीन तास शांत झोपलं, उठलं आणि उठल्याजागी शू झाली, तर तो प्रश्न मूत्राशयाचा. फक्त जिन्यात पावलं वाजली की भुंकतं, तर आवाजाचा. तुम्ही घरी असतानाही रात्री दोनला फेऱ्या मारतं, भिंतीकडे बघत उभं राहतं, सोफ्यामागे शिरून मागे यायचं विसरतं, तर मेंदूच्या म्हातारपणाचा. या तिन्हींवर दाराची तालीम उपयोगाची नाही.

मग डॉक्टर

जाताना रेकॉर्डिंग घेऊन जा. ‘खूप रडते’ एवढं सांगण्यापेक्षा दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.

आठेक वर्षांवरच्या कुत्र्याची वागणूक अचानक बदलली की रक्ताची आणि लघवीची तपासणी करायचीच. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइड, किडलेले दात, सांधेदुखी, मोतीबिंदू यातलं काहीही कुत्र्याला अस्वस्थ करू शकतं. सांधेदुखी फसवी असते, कारण कुत्रं विव्हळत नाही. ते फक्त सोफ्यावर उडी मारणं सोडतं, बसताना आधी घुटमळतं, थंड खोलीतही धापा टाकतं. आम्ही त्याला ‘आता शांत झालीय’ म्हणत होतो. एक्स-रेमध्ये ठमीचे मागचे दोन्ही सांधे झिजलेले निघाले. शिवाय तिला जवळपास ऐकू येत नाही हेही तेव्हाच कळलं. आम्ही म्हणत होतो, वय झालं तशी हट्टी झालीय.

मेंदूच्या म्हातारपणाला डॉक्टर कॉग्निटिव्ह डिसफंक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण सापडलं होतं. म्हणजे ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. दिवसाची झोप आणि रात्रीचं जागरण अशी उलटापालट, घरातच वाट चुकणं, ओळखीच्या माणसाकडे दुर्लक्ष किंवा उलट अंगाला चिकटून राहणं, घरात शी-शू, आणि नव्यानं सुरू झालेली धास्ती ही त्याची लक्षणं. हा त्रास पूर्ण बरा होत नाही, पण औषध, आहार आणि घरातली शिस्त यांनी दिवस सुसह्य होतात.

औषधांबद्दल मी अनुभवातून बोलते आणि त्यातला पहिला अनुभव वाईट आहे. एका दवाखान्यात ठमीला तपासण्या न करता नुसतं गुंगीचं औषध दिलं. त्या दिवशी ती भुंकली नाही, शेजारी खूश झाले. संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं: ती गादीवर पडलेली, डोळे टक्क उघडे, लाळ गळतेय, उठायचा प्रयत्न करतेय आणि पाय साथ देत नाहीत. शरीर झोपवलेलं, भीती जागी. ते औषध त्याच रात्री बंद केलं.

एकटेपणाच्या धास्तीवरची खरी औषधं वेगळी असतात. क्लोमिप्रॅमिनला १९९८ मध्ये आणि फ्लूऑक्सेटिनला २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या नेमक्या याच त्रासासाठी मान्यता मिळाली. त्यांचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तालमीशिवाय ती एकटी फारसं काही करत नाहीत. मूत्रपिंड, यकृत, फिट येण्याचा इतिहास हे बघूनच डॉक्टर ती देतात. इथे एक गोष्ट कटाक्षानं सांगा: गोचिडांसाठी काय वापरता. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या काही गोचिडांच्या औषधांत आणि पट्ट्यांत अमिट्राझ असतं, आणि ते या औषधांबरोबर चालत नाही. कोणी विचारत नाही, आपणही सांगत नाही. आणि सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. कुत्र्याला ती विषासारखी पडू शकतात.

गुंतागुंतीचं काही निघालं तर इंदूरकरांना महू जवळ आहे, तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर. आम्हाला ती वेळ आली नाही. सांध्यांचं औषध सुरू झालं आणि दहा दिवसांत फेऱ्या १४ वरून ६ वर आल्या. तालीम अजून सुरूही झाली नव्हती.

घर

गुळगुळीत टाइल्सवर म्हातारं कुत्रं घसरतं, आणि घाबरून फेऱ्या मारताना जास्तच घसरतं. गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्यांची किंवा रबरी मॅटची वाट करा. फर्निचर हलवू नका. कमी दिसत असेल तर दिवसाही एक दिवा चालू राहू द्या. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पंख्याच्या भरवशावर कुत्रं सोडून जायचं आणि वीज गेली तर काय, याचा विचार आधी करा. आम्ही घरातली सगळ्यात थंड खोली, म्हणजे सासूबाईंची, तिला मोकळी ठेवली. पलंगावर त्यांची जुनी सुती साडी घडी करून ठेवली आहे. ती धुवायची नाही, असं कामवाल्या ताईंना दोनदा सांगावं लागलं.

पिंजऱ्यात किंवा गॅलरीत कोंडू नका. ज्याला कोंडल्याचीच भीती, त्याला आणखी लहान जागेत कोंडून काय मिळणार? नख तुटलं त्या दिवशी ठमी स्वयंपाकघरात बंद होती. घाबरलेली कुत्री पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतात.

रेडिओ लावावा का? ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडमधल्या प्राण्यांच्या संस्थेनं २०१७ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून पाहिलं, तेव्हा रेगे आणि सॉफ्ट रॉकला ती सगळ्यात निवांत दिसली. आमच्याकडे वर्षानुवर्षं मालवा हाउसची, म्हणजे इंदूर केंद्राची, आकाशवाणी लागते. ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी तीच ओळखीची कुजबुज चांगली. आमच्या घरी ती आता फक्त माझ्यासाठी लागते.

निघायच्या खुणा पुसणं

कुत्रं दार बंद झाल्यावर घाबरत नाही, त्याच्या खूप आधी घाबरायला लागतं. डबा भरला, गॅस बंद केला, सँडल काढले, हेल्मेट उचललं ही सगळी त्याच्यासाठी नोटीस असते. आमच्याकडे सगळ्यात मोठी नोटीस निघाली ती देवघरापुढचा नमस्कार. मी निघताना हात जोडते. मी हात जोडले की ठमीचे कान मागे आणि धाप सुरू.

मग या खुणा खोट्या पाडायच्या. हेल्मेट उचलायचं आणि सोफ्यावर बसून पेपर वाचायचा. पर्स खांद्याला लावून भाजी चिरायची. मी दिवसातून दहा वेळा देवाला नमस्कार करून परत टीव्हीसमोर बसायला लागले. अहोंनी विचारलं, “परीक्षा-बिरीक्षा आहे का काही?” एका वेळी एकच खूण घ्या, कुत्रं मान वर करेनासं झालं की पुढची. आम्हाला दोन आठवडे लागले.

ऐकू न येणाऱ्या कुत्र्याबद्दल एक खास गोष्ट आहे. त्याला झोप लागल्यावर गुपचूप सटकायचा मोह होतो, कारण तेव्हा ते शांत असतं. करू नका. जाग येते, घर रिकामं, आणि माणूस कधी गेलं हे कळलंच नाही. दोन-तीनदा असं झालं की ते झोपायचंच सोडतं, तुमच्या पायाला पाय लावून पडून राहतं. ठमी तेच करत होती. निघताना तिच्यासमोर जायचं, हात हुंगू द्यायचा, ठरलेली एक खूण करायची (मी तिच्या गळ्याखाली दोनदा बोट फिरवते) आणि निघायचं. ‘जाताना बघूच नका, निरोप घेऊ नका’ हा सल्ला म्हाताऱ्या, बहिऱ्या कुत्र्याला लागू पडत नाही असं माझं मत आहे.

दारापलीकडे

आता मुख्य भाग. त्याआधी एक कटकटीची अट: तालीम चालू असेपर्यंत कुत्रं त्याच्या सोसण्यापलीकडे एकटं राहता कामा नये. सकाळी २० सेकंदांची तालीम आणि दुपारी सात तासांची शिक्षा, हे म्हणजे एका हातानं विणायचं आणि दुसऱ्यानं उसवायचं. आम्ही कसं जमवलं? समोरच्या काकू दुपारी आमच्याकडे येऊन मालिका बघायच्या. अहोंनी रजा मोडल्या. कामवाल्या ताईंची वेळ बदलली. दोन मंगळवारी काहीच जमलं नाही, तेव्हा ठमी रिक्षातून माझ्या मावसबहिणीकडे गेली. आपल्याकडे माणसं मदतीला येतात, फक्त तोंड उघडून मागावं लागतं. मला त्याचीच लाज वाटत होती.

तालीम दिवसातून एकदा, १५-२० मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस. आधी कुत्र्याला फिरवून, शू करवून आणा. पहिल्या दिवशी फक्त कडीला हात लावायचा आणि परत येऊन बसायचं. पाच वेळा. दुसऱ्या दिवशी कडी काढायची, लावायची. मग दार उघडायचं, मिटायचं. मग मी बाहेर, दार ओढलेलं, १ सेकंद, आणि आत.

पुढचे आकडे चढत्या क्रमानं घेऊ नका. १, ३, २, ५, १, ८, ४ असे विस्कळीत घ्या. दर वेळी आधीपेक्षा अवघडच होत गेलं तर कुत्र्याला चढण ओळखता येते. दोन फेऱ्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटं शांत बसा. मोबाईलवर आतला कॅमेरा चालू ठेवा आणि जिन्यात उभं राहून बघत राहा. ‘काकू, किल्ली विसरलात का’ हे मला निदान पंचवीस वेळा विचारलं गेलं.

कॅमेऱ्यात काय बघायचं? ओठ चाटणं, जांभया, कान मागे, दारावर खिळलेली नजर, उठून येरझारा. यातलं पहिलं लक्षण दिसायच्या आत परत यायचं. विव्हळायला लागली तर तुम्ही उशीर केलात. तेव्हा ‘गप्प झाल्याशिवाय आत जायचं नाही’ असा हट्ट धरू नका. ती नाटक करत नाही, घाबरली आहे. आत जा, आणि पुढची वेळ निम्म्यावर आणा. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही.

आमचे आकडे सांगते, तुमचे वेगळे असतील. १ सेकंदापासून १ मिनिटापर्यंत ११ दिवस. १० मिनिटांपर्यंत आणखी ५ आठवडे. १० ते ४० मिनिटांना ६ आठवडे, त्यात एकदा सपशेल माघार. ४० मिनिटांनंतर मात्र गाडी उताराला लागली. जे कुत्रं दीड तास निवांत राहतं ते बहुधा चार तासही राहू शकतं. पण म्हाताऱ्याच्या बाबतीत मधे मूत्राशय येतं. ठमी आज ३ तास राहते आणि त्यापुढे मी जाणार नाही. दुपारी एकला काकू येऊन तिला खाली नेतात.

या काळात डोकंही दमवा. पाय दुखतात म्हणून लांब फिरणं जमत नाही, तर कमी अंतर चाला, पण हवं तेवढं हुंगू द्या. ठमीला खांबापासून खांबापर्यंत २० मिनिटं लागतात. घरी इडलीपात्राच्या खळग्यांत तिच्या खाण्याचे दाणे टाकते, वर जुना पंचा पसरते. नाकानं पंचा उचलून दाणे शोधेपर्यंत ती दमते आणि झोपते. पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते, कुत्र्याला विषारी) लिहिलेलं नाही ना ते बघा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण द्यायचं नाही, मग आजोबांनी कितीही प्रेमानं दिलं तरी.

‘सोबतीला दुसरं कुत्रं आणा’ हे सगळे सांगतील. ठमीला कुत्र्याची नाही, माणसाची आस आहे. म्हातारपणी अंगावर उड्या मारणारं पिल्लू आणणं म्हणजे तिच्या दुखऱ्या कंबरेवर आणखी एक काम.

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे), दिवाळी या दिवसांत तालीम बंद. ऐकू न येणाऱ्यालाही ढोल आणि फटाके जमिनीतून कळतात. पाहुणे येऊन गेल्यावर, आजारपणानंतर, आमच्या चार दिवसांच्या नाशिकच्या खेपेनंतर ठमी मागे घसरली. तेव्हा शेवटच्या आकड्यावरून सुरू करायचं नाही, पार पाच मिनिटांवर यायचं. दुसऱ्यांदा चढायला कमी वेळ लागतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं आठ महिन्यांनी पहिल्यांदा एकत्र ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला गेलो. मध्यंतरात लोक वड्यांच्या रांगेत आणि आम्ही मोबाईलवर गादीवरचा पांढरा गोळा बघतोय. हलत नव्हता. अहो म्हणाले, “श्वास घेतेय ना?” घेत होती.

घरी आलो तर ती दाराशी आलीच नाही. कुलूप उघडल्याचं ऐकू गेलं नव्हतं. अशा झोपलेल्या कुत्र्याला एकदम हात लावायचा नाही, दचकून चावू शकतं. जमिनीवर हलकेच पाय आपटायचा, नाहीतर नाकासमोर हात धरून थांबायचं. मी हात धरला. त्याला बटाटेवड्याचा वास होता. तिनं आधी वडा ओळखला, मग मला.